चौथी उशी

चौथी उशी मी त्रिशलाला दिली नाही.

सकाळचे सात वाजले होते. मी गिरणीच्या मोटरवरचं पोतं काढत होते. त्रिशला मधल्या दारात, चौकटीला खांदा टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “आई, ट्रंकेतली अजून एक उशी काढून दे ना.”

“तीन आहेत की तुझ्याकडे.”

“तीनवरून घसरते मी. छाती खाली आली की श्वास पुरत नाही.”

“चार उशा लावल्यावर माणूस झोपेल की बसेल?”

“बसतेच आहे,” ती म्हणाली. मग थांबली, श्वास घेतला आणि उरलेलं वाक्य पुरं केलं. “आठ दिवस झाले, बसूनच आहे.”

बाहेर ज्वारीचे डबे रांगेला लागायला लागले होते. मला घाई होती. “ट्रंकेतल्या उशा पाहुण्यांच्या आहेत,” मी म्हणाले. “बारशाला माणसं आली की त्यांच्या डोक्याखाली काय विटा देऊ?”

ती वळली, माजघरातल्या शिवणयंत्रापाशी खुर्ची ओढली आणि बसली. लोखंडी खुर्ची, खाली शहाबादी फरशी. दिवसातून दहा वेळा तो करकरणारा आवाज यायचा आणि दर वेळी माझं डोकं उठायचं. शिवणयंत्राच्या लाकडी झाकणावर दोन्ही हात, हातांवर कपाळ, अशी ती बसायची आणि त्यातच डुलकी घ्यायची. शाळेत शिक्षा केलेलं पोर बसतं तशी.

याला आता तेवीस वर्षं झाली. जयसिंगपूरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी होती. हे गेल्यापासून मीच चालवत होते. मागे माजघर आणि स्वयंपाकघर, बस. त्रिशला माझी एकुलती. लग्नाला चार वर्षं झाली होती, चिंचवडला राहायची, आणि सातवा सरता सरता पहिल्या बाळंतपणासाठी माझ्याकडे आली होती. जानेवारी संपत आला होता. तिला नववा लागला होता.

आली तेव्हा मी किती हौसेने सगळं केलं. डिंकाचे लाडू केले, ते तिला दोन घासांपुढे जाईनात. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवण. तिला तेव्हा भूक नसायची आणि जेवलं की पोट दाटून धाप लागायची. थंडीत खिडकी उघडी लागायची. मी लावली की ती उघडायची, ती उघडायची की मी लावायची. खोकायची. पायावर सूज होती, ती सगळ्यांनाच असते. आणि प्रत्येक गोष्टीचं एकच उत्तर, “आई, श्वास पुरत नाही.”

“आम्हाला झालंच नव्हतं का काही,” मी म्हणायचे. “तुझ्या वेळी शेवटच्या दिवसापर्यंत मी डबे उचलले.”

“माहीत आहे,” ती म्हणायची. चिडून नाही, नुसतं दमून. त्या दमलेल्या आवाजाचाच मला जास्त राग यायचा.

त्यात भर म्हणजे तिच्या नवऱ्याचा फोन. भरतेशराव चिंचवडला एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. तयार झालेला माल मापात बसतो की नाही, हे बघायचं त्यांचं काम. रोज सकाळी साडेसातला, कामावर जाण्याआधी, ते बूथवरून फोन करायचे. नेमकी गिरणीवर गर्दी असायची तेव्हा.

“आई, रात्र कशी गेली तिची?”

“कशी जाणार? दिवस भरत आलेत. कुणाची बरी जाते?”

“उशा किती लागल्या?”

हा प्रश्न रोज. मला सांगा, कुठला जावई सासूला उशा विचारतो? त्या दिवशी, ज्या दिवशी मी चौथी दिली नाही, त्या दिवशीही त्यांनी विचारलं.

“तीन,” मी म्हणाले. “चौथी मागत होती. चोचले, दुसरं काय.”

पलीकडे काही क्षण नुसती गाड्यांची घरघर ऐकू आली. मग ते म्हणाले, “आई, ती इथून निघाली तेव्हा एका उशीवर झोपायची. डिसेंबर संपताना दोन झाल्या. संक्रांतीला तीन. आणि आता चौथी म्हणजे—”

“भरतेशराव, तुम्ही उशांवरून डॉक्टरकी करता का?”

“नाही. पण एकाच बाजूला वाढत चाललंय ते. कमी एकदाही झालं नाही.”

“पोटही एकाच बाजूला वाढत चाललंय. तेही कमी होत नाही.”

रांगेतल्या दोघी हसल्या. ते हसले नाहीत. म्हणाले, “तिच्याकडे फोन द्या जरा. काही बोलू नको म्हणावं. नुसता तोंडाजवळ धर म्हणावं.”

“कशाला?”

“श्वास ऐकायचाय.”

मी फोन ठेवून दिला. लाइन गेली, असं त्रिशलाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. गावातल्या डॉक्टर शिरगुप्पे बाई चांगल्या होत्या. त्यांच्याकडे चाळीस-चाळीस बायका ताटकळत असायच्या, तरी त्या प्रत्येकीशी नीट बोलायच्या. त्यांनी त्रिशलाचं वजन घेतलं, रक्तदाब घेतला, पोट तपासलं. तपासायला तिला टेबलावर आडवं केलं, तशी ती लगेच कोपरावर उठून बसली.

“आडवं पडलं की दम लागतो का?” बाईंनी विचारलं.

“थोडा लागतो,” मी म्हणाले. “पोट अगदी छातीला आलंय ना. आणि आमची गिरणी. पीठ उडतं.”

“चालताना? जिना चढताना?”

“आमच्या घरात जिनाच नाही.”

बाईंनी त्रिशलाकडे बघितलं. त्रिशलाने माझ्याकडे बघितलं. मी पिशवी उचलून उभी राहिले होते. बाहेर कुणाच्या तरी कळा सुरू झाल्या म्हणून नर्स बोलवायला आली. बाई उठता उठता म्हणाल्या, “हे बघा, अगदी आडवं पडताच येईना, किंवा झोपेतून गुदमरून उठावं लागलं, तर वाट बघू नका. लगेच या.”

“येऊ की,” मी म्हणाले.

बाहेर आल्यावर त्रिशला पायरीवरच थांबली. “तू का बोललीस मधे?”

“मग काय झालं? तू बोलेपर्यंत त्यांना वेळ आहे का?”

“मला आडवं पडता येत नाही, आई. गुदमरून उठते मी. हेच सांगायचं होतं त्यांना.”

“मग सांगायचं होतंस.”

“तू जागा ठेवलीस?”

मी पुढे चालायला लागले. रिक्षा चाळीस पावलांवर उभी होती. मागे बघितलं तर आमच्या बाईसाहेब नाहीत. मधल्या कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, तोंड उघडं. दुकानदाराने आतून स्टूल आणलं. दोन बायका थांबल्या. एक म्हणाली, “पोरगं थोराड दिसतंय.”

“हो ना,” मी म्हणाले. लाज आणि संताप, दोन्हींनी माझे कान तापले होते. चाळीस पावलं. चाळीस पावलं तिला जमली नव्हती.

घरी आल्यावर मी तिच्याशी बोलले नाही.  संध्याकाळी ती फोनपाशी बराच वेळ बसलेली दिसली. कारखान्यात की त्यांच्या शेजाऱ्यांकडे, कुठे लावला, मी विचारलं नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला भरतेशराव दारात उभे. रातराणीने आले असावेत. सदरा चुरगळलेला, दाढी वाढलेली. बाळंतपणाला आलेल्या बायकोच्या माहेरी जावई असा न कळवता येतो का? गिरणी चालू होती, गव्हाची धार पडत होती, मी पिठाने पांढरी झाले होते आणि सहा-सात माणसं डबे घेऊन उभी होती. ते सगळ्यांमधून सरळ आत गेले. जाता जाता मला वाकून नमस्कार मात्र केला.

मी हात झटकत मागोमाग गेले. त्रिशला खुर्चीतच होती, शिवणयंत्रावर डोकं ठेवून झोपलेली. ते तिच्या शेजारी जमिनीवर उकिडवे बसले होते आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. तिला उठवलं नव्हतं, हातही लावला नव्हता. मिनिट झाल्यावर त्यांनी मान वर केली.

“छत्तीस,” ते म्हणाले.

“काय छत्तीस?”

“श्वास. मिनिटाला छत्तीस. झोपेत. मी गाडीत माझे मोजले, सतरा भरले.”

“ती दोघांचं घेतेय.”

“आई, मी हिला मिरजेला नेतो. मोठ्या हॉस्पिटलात.”

मग आमचं वाजलं. मी म्हणाले, पहिलटकरीण आहे, नववा लागलाय, गाडीच्या हिसक्याने वाटेत काही झालं तर जबाबदार कोण? ते म्हणाले, मी. मी म्हणाले, काल डॉक्टरांनी तपासलंय, सगळं ठीक सांगितलंय. ते म्हणाले, डॉक्टरांना कुणी काय सांगितलं ते मला कळलंय. मी म्हणाले, माझ्या घरी आलीय ती, बाळंतपण माझ्याकडे आहे, चार माणसं मला विचारतील, जावयाने असं ओढून नेलं तर माझं तोंड कुठे राहील?  त्यांनी कोपऱ्यातली तिची पिशवी घेतली आणि दोरीवरचे कपडे तिच्यात कोंबायला लागले.

मी दारात जाऊन उभी राहिले. मधल्या दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी हात लावून. आज आठवलं की वाटतं, एवढं बळ मी कुठून आणलं असेल.

त्रिशला जागी झाली होती. खुर्चीला धरून उठली, माझ्यासमोर आली. “आई, बाजूला हो,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवायला तिच्याकडे हवाच नव्हती. पहाटेपासून मी तिच्याकडे नीट बघितलं नव्हतं, तेव्हा बघितलं. ओठ जांभळे पडले होते, जांभूळ खाल्ल्यासारखे. गळ्याच्या शिरा टरारून वर आल्या होत्या आणि त्या तिच्या प्रत्येक श्वासाला उडत होत्या.

मी बाजूला झाले.

शेजारच्या रावसाहेबांनी त्यांची व्हॅन काढली. मी गिरणीचा खटका ओढला. अर्धे गहू वरच्या हौद्यात तसेच राहिले. “डबे इथेच ठेवा, उद्या घेऊन जा,” असं माणसांना सांगितलं, शटर ओढलं आणि व्हॅनमध्ये मागे जाऊन बसले. मला कुणी चल म्हटलं नव्हतं. का बसलीस, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी चिडूनच सांगितलं असतं, की पोरीची पिशवी कोण धरणार.

मिरजेला पोचेपर्यंत त्रिशला पुढच्या सीटच्या पाठीवर हात टाकून, वाकून बसली होती. दर खड्ड्याला भरतेशराव तिच्या पाठीमागे हात न्यायचे आणि टेकवायचे नाहीत.

हॉस्पिटलात तिला चाकाच्या खुर्चीतून आत नेलं. नाकातोंडावर ऑक्सिजन लावला. एक तरुण डॉक्टर कागद घेऊन माझ्यापुढे उभा राहिला.

“घरात कुणाला दमा?”

“नाही. पण आमची गिरणी आहे. पीठ उडतं.”

त्याने ते लिहून घेतलं. “याआधी काही मोठं आजारपण?”

“नाही,” मी म्हणाले.

तेही त्याने लिहून घेतलं.

मग मोठे डॉक्टर आले. पन्नाशीचे, बारीक आवाजाचे. त्यांनी त्रिशलाच्या छातीला नळी लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. पुन्हा जागा बदलून ऐकलं. “डाव्या कुशीवर होता येईल का?” म्हणाले. ती वळायला लागली आणि अर्ध्यातच गुदमरून उठून बसली. “राहू दे, राहू दे,” ते म्हणाले. “ठोके इतके जोरात पळताहेत की काही कळू देत नाहीत. लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता का तुला?”

त्रिशलाने मास्क थोडा बाजूला केला. “पाय दुखायचे. शाळा बुडली होती. मग ताकदीची इंजेक्शनं घ्यायचे मी.”

“ताकदीची कसली?”

“आई म्हणायची, ताकदीची. फार दुखायची. दोन दिवस लंगडत जायचे शाळेत.”

डॉक्टर माझ्याकडे वळले. “कसली होती ती?”

भरतेशराव माझ्या शेजारीच उभे होते. त्यांच्या हातात औषधांची चिठ्ठी होती, पण ते गेले नव्हते. तेही माझ्याकडेच बघत होते.

“ताकदीचीच,” मी म्हणाले. “अशक्त होती ती.”

डॉक्टरांनी मान हलवली. तरुण डॉक्टरला म्हणाले, “हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. मशीन केव्हा मोकळं होईल?”

“दुपार होईल, सर. तोवर दम्याची औषधं सुरू करू? सलाइन लावलंय.”

“बघू,” ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे निघाले.

तेवढ्यात त्रिशलाला खोकल्याची उबळ आली. भरतेशरावांनी खिशातला रुमाल तिच्या तोंडाशी धरला. उबळ थांबल्यावर त्यांनी तो उघडून बघितला. फेस होता. पांढरा नाही, गुलाबी. त्यांनी रुमाल माझ्यासमोर धरला.  मग चिठ्ठी घेऊन औषधं आणायला पळाले.

मी डॉक्टरांच्या मागे धावले. बोळात त्यांना गाठलं आणि मागून त्यांचा पांढरा कोट धरला. पिठाचे हात होते माझे, अजून धुतले नव्हते.

“एकवीस दिवसांनी एकदा असायचं ते इंजेक्शन,” मी म्हणाले.

ते थांबले. “पुन्हा सांगा.”

“पेनिसिलिन. दर एकवीस दिवसांनी. अकरा वर्षांची होती. आज गुडघा, उद्या कोपर, असे सांधे सुजायचे. दोन महिने ताप होता. सांगलीला दाखवलं होतं. त्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या झडपेला थोडं लागलंय. आणखी लागू द्यायचं नसेल तर पंचविशीपर्यंत एकही इंजेक्शन चुकवू नका.”

“आणि किती वर्षं दिलंत?”

“दीड.”

“बंद कुणी केलं?”

“मी.”

त्यांनी मला एक शब्दही सुनावला नाही. त्यासाठी थांबलेच नाहीत. वळून जवळजवळ धावतच आत गेले आणि त्यांचा तो बारीक आवाज मला बाहेर ऐकू आला. “सलाइन काढा आधी. फुप्फुसात पाणी उतरलंय तिच्या. दमा नाही हा. मशीन आत्ता मोकळं करून घ्या.”

मी मागे वळले तर भरतेशराव औषधांचं पुडकं घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

खरं म्हणजे यात गुंतागुंतीचं काहीच नाही. हे होते तोवर हेच तिला सांगलीला न्यायचे. ते गेले तेव्हा ती साडेबारा वर्षांची होती. पुढे चार-पाच महिने मी त्या त्या दिवसापुरती गिरणी बंद ठेवून तिला नेलं. एकदा परत आलो तर यांच्या चुलत आत्या दळणाला बसल्या होत्या. पोर लंगडत आत गेली. आत्या म्हणाल्या, “कसलं गं हे इंजेक्शन सारखं सारखं? बापाविना पोर. तिच्यात काही खोट आहे असं एकदा गावात झालं, तर उद्या स्थळ कोण देणार?” पुढच्या एकविसाव्या दिवशी मी गिरणी बंद केली नाही. त्रिशलाला म्हणाले, आता तुझ्यात ताकद आली. ती किती हरखली होती. फाइल मी चुलीत घातली. आणि काही झालंही नाही. पोर पळायची, सायकल चालवायची, बी.कॉम. झाली. स्थळ आलं, चांगलं आलं. मी समजून चालले, की गेलं ते, बरं झालं.

संक्रांतीच्या दिवशी तिने तिसरी उशी घेतली, तेव्हा मला कळलं होतं.

सोनोग्राफीत सगळं दिसलं. झडप आक्रसून इतकीशी राहिली होती. एरवी ते चालून गेलं असतं, पण पोटातल्या बाळासाठी रक्त वाढलं आणि ते त्या फटीतून जाईना, म्हणून मागे फुप्फुसात तुंबायला लागलं. आडवं पडलं की जास्त तुंबायचं. डॉक्टरांनी भरतेशरावांना कागदावर चित्र काढून समजावलं. मी लांबून बघत होते. मला त्या चित्राची गरज नव्हती.

दुपारभर आम्ही बोळातल्या बाकावर होतो. ते एका टोकाला, मी दुसऱ्या. खूप वेळाने ते म्हणाले, “आई, मी रोज फोन करत होतो.”

“हो.”

“तेव्हा सांगायचं होतं.”

“लग्न मोडेल वाटायचं.”

“चार वर्षं झाली लग्नाला.” त्यांनी दोन्ही हातांनी तोंड चोळलं. “चार वर्षं, आई. आता काय परत पाठवणार होतो का मी तिला?”

  एकदा एखादी गोष्ट दडवली, की ती काय म्हणून दडवली ते संपून जातं आणि दडवणं तेवढं उरतं.

“तुम्ही काही खाल्लं का सकाळपासून?” मी विचारलं.

“तुम्ही नका विचारू मला काही आज,” ते म्हणाले. आवाज खालचाच होता. मग उठून आत गेले.

पाणी उतरवायचं औषध लागू पडलं. ठोके मंदावायची गोळी दिली. संध्याकाळी चारच्या सुमाराला नर्सने मला दारातून बघू दिलं. कॉटची डोक्याकडची बाजू उचलून ठेवली होती आणि त्रिशला मागे टेकून झोपली होती. मान कलती, तोंड किंचित उघडं, हात दोन्ही बाजूंना सैल पडलेले. वाकलेली नव्हती. दहा दिवसांत पहिल्यांदा मी तिला पाठीवर टेकून झोपलेली बघत होते.

तिला पुढे घरी सोडलंच नाही. एकोणीस दिवस ती तिथेच होती आणि तिथेच, तशीच टेकून बसवून, चिमटा लावून, तिची सुटका केली. मुलगी झाली, सव्वादोन किलोची. चार महिन्यांनी त्रिशलाची झडप फुग्याने रुंद केली. फुगाच म्हणतात त्याला. ती आज अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, रोज चालायला जाते. दुसरं मूल डॉक्टरांनी नको म्हटलं. जावई माझ्याशी नीट वागतात, सणावाराला येतात, वाकून नमस्कार करतात. त्या एकोणीस दिवसांत त्यांनी मला एकदाही घालवून दिलं नाही आणि एकदाही थांबा म्हटलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते तिसऱ्या दिवसाचं. भरतेशराव आंघोळीला गेले होते. सकाळची वेळ, खिडकीतून ऊन आत आलं होतं. मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते. त्या खोलीत मी तीन दिवस उभीच होते; बसायला कुणी सांगितलं नव्हतं आणि आपण होऊन बसायची माझी हिंमत नव्हती. त्रिशला जागी होती. तिला सगळं कळलेलं होतं. कुणी सांगितलं, नवऱ्याने की डॉक्टरांनी, मी कधी विचारलं नाही.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“होतं.”

“संक्रांतीपासून?”

“हो.”

तिने तोंड खिडकीकडे केलं. मग म्हणाली, “मी रात्री खुर्ची ओढायचे, तेव्हा तू झोपलेली असायचीस ना?”

खोटं बोलायला ती जागा चांगली होती. हो म्हटलं असतं तर तिने मान्य केलं असतं. “नाही,” मी म्हणाले. “जागी असायचे.”

“रोज?”

“रोज. भिंतीकडे तोंड करून पडायचे. तुझा श्वास मोजायचे.”

“किती यायचे?”

“पहिल्यांदा अठ्ठावीस. मग बत्तीस. छत्तीस मला आधीच माहीत होते.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी एवढी चीड तिला कधी आली नसेल आणि ती काढायला अजून तिच्यात जोर नव्हता. “एकदा तरी उठून यायचंस,” ती म्हणाली. “काही करायचं नव्हतं. नुसतं येऊन बसायचं होतंस.”

मी कॉटच्या लोखंडी दांडीला धरून उभी राहिले.

थोड्या वेळाने तिने पदराने नाक पुसलं आणि वैतागून पाय एका बाजूला ओढून घेतले. गादीच्या कडेला एका माणसापुरती जागा झाली.

“आता बस तरी,” ती म्हणाली. “तू अशी उभी राहिलीस की बघूनच मला धाप लागते.”

मी बसले.